हजार येनची नोट आणि योकोहामा

मुलांनो, तुम्ही जपानची हजार येनची नोट कधी पाहिलीय का? मीही ती पहिल्यांदा पाहिली ती २०२५ च्या मे महिन्यात. माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त योकोहामाला असते, तिच्याकडे सुट्टीत गेले होते. स्टेशनवर पाण्याची बाटली घ्यायची होती, म्हणून भाच्यानं ती नोट माझ्या हातात दिली. नोटेवर चष्मा आणि भरघोस मिशा असलेले एक गृहस्थ.

"मावशी, हे डॉक्टर आहेत बरं का!" भाचा म्हणाला.

मला गंमतच वाटली. नोटेवर डॉक्टर! त्यांचं नाव किटासातो शिबासाबुरो. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची मोठी साथ आली, तेव्हा ते तिथे गेले आणि त्यांनी प्लेगचा जंतू शोधला. त्याच दिवसांत अलेक्झांडर येर्सिन यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, ती साथ मुंबईत उतरली आणि मग पुण्यात. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या त्या याच प्लेगानं, रुग्णांची सेवा करता करता. आपल्या पुस्तकातली ती तारीख मला योकोहामाच्या स्टेशनवर आठवली!

आता योकोहामाविषयी सांगते. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे मासेमारी करणारं एक लहानसं गाव होतं. १८५९ मध्ये इथलं बंदर परदेशी जहाजांसाठी उघडलं आणि गावाचं नशीबच पालटलं. इथून रेशीम जगभर जाऊ लागलं. १८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे तोक्योच्या शिंबाशीपासून इथवर धावली. तेव्हाचं योकोहामा स्टेशन जिथे होतं, तिथे आज साकुरागिचो स्टेशन आहे. आम्ही तिथेच उतरलो. समोर सत्तर मजल्यांचा लँडमार्क टॉवर. उंची २९६ मीटर! भाच्याला वर जायची घाई झाली होती, पण मान वर करून बघतानाच मला भोवळ यायला लागली. मी म्हटलं, "आधी समुद्राकडे चल बाबा."

समुद्राच्या काठाकाठानं चालत गेलं की यामाशिता बाग लागते. मे महिन्यात ती गुलाबांनी फुललेली असते. पण पायांखालची जमीन कशाची आहे, ठाऊक आहे? १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना इथे भयंकर भूकंप झाला. शहर कोसळलं आणि जळलं. तो सगळा ढिगारा समुद्रात टाकून भराव घातला आणि त्यावर ही बाग केली. बागेच्या एका बाजूला एक घुमटाची छोटी छत्री दिसली. अगदी आपल्याकडची वाटावी अशी! ती भारतीय व्यापाऱ्यांनी बांधून दिलेली पाणपोई निघाली. रेशमाच्या धंद्यासाठी आलेले आपले लोकही त्या भूकंपात सापडले होते. तेव्हा योकोहामाच्या लोकांनी, स्वतःची घरं गेलेली असताना, त्यांना हात दिला. त्याची आठवण म्हणून १९३९ मध्ये ही भेट दिली. मी बराच वेळ तिथेच बसले.

मला मुद्दाम बघायची होती ती जागा मात्र वेगळीच होती. बंदराच्या कडेला 'पॅसिफिको योकोहामा' नावाचं भलंमोठं सभागृह आहे. शेजारी जहाजाच्या शिडासारखं दिसणारं हॉटेल. ऑगस्ट १९९४ मध्ये इथे एड्सविषयीची दहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आधीच्या नऊही परिषदा युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत झाल्या होत्या. आशियातली ही पहिलीच. किटासातोंनी प्लेगचा जंतू शोधला, त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

तेव्हा एड्स म्हटलं की लोक घाबरायचे, आणि घाबरलेली माणसं क्रूर होतात. जपानमध्येही तसंच झालं होतं. काही मुलांचं रक्त वाहू लागलं की लवकर थांबत नाही. त्या आजाराला हिमोफिलिया म्हणतात. १९८० च्या दशकात अशा हजारावर रुग्णांना, त्यांत कितीतरी लहान मुलं होती, औषधातूनच हा विषाणू मिळाला. कारण ते औषध रक्तापासून बनवलेलं होतं आणि त्यातला विषाणू मारलेला नव्हता. पुढे १९९६ मध्ये जपानच्या आरोग्यमंत्र्यांनी त्यांची माफी मागितली. पण तोपर्यंत कित्येकांनी आपला आजार शाळेत, शेजारीपाजारी लपवूनच ठेवला होता.

१९९४ मध्ये चांगली बातमीही होती. विषाणू असलेल्या आईला आणि जन्मल्यावर बाळाला एक औषध दिलं, तर शंभरातल्या पंचवीसेक बाळांऐवजी आठच बाळांना लागण होते, असं नुकतंच दिसून आलं होतं. योकोहामात डॉक्टरांच्या तोंडी हाच विषय होता. आज तर औषधं वेळेवर घेतली की बाळाला लागण क्वचितच होते, आणि रोज गोळी घेणारा माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करत छान जगतो.

हे सगळं मी इतक्या आवडीनं का सांगतेय? माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. हसरा, पाढे म्हणायला सगळ्यांत पुढे. त्याला हा विषाणू आहे, हे कुणाला तरी कळलं आणि दोन दिवसांत गावभर झालं. खिचडीच्या वेळी मुलं त्याच्यापासून सरकून बसू लागली. घरून तसं सांगितलेलं! एकत्र जेवल्यानं, हात धरल्यानं, एका बाकावर बसल्यानं हा विषाणू जात नाही, हे मला माहीत होतं. तरी पहिले दोन दिवस मी गप्प राहिले. पालकांना काय सांगू, असं झालं होतं मला. तिसऱ्या दिवशी मी माझं ताट घेऊन त्याच्याशेजारी जेवायला बसले. चौथ्या दिवशी दोन मुली आल्या. पण पुढच्या सोमवारी तो आलाच नाही. आईनं त्याला मामाच्या गावी नेलं होतं. आपल्या देशात २०१७ मध्ये कायदा झाला. या आजाराच्या कारणावरून कुणाला शाळेतून काढायला किंवा वेगळं बसवायला आता कायद्यानं मनाई आहे. माझ्या त्या दोन दिवसांसाठी मात्र तो कायदा उशिराच आला.

पॅसिफिकोच्या पायऱ्यांवर बसून मी हे भाच्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, तो पाढे कितीपर्यंत म्हणायचा?"

"एकोणतीसपर्यंत," मी म्हटलं.

उरलेली एक नोट मी तशीच घरी आणली. मागच्या बाजूला होकुसाईच्या चित्रातली कानागावाची मोठी लाट आहे. योकोहामा कानागावातच येतं, बरं का. आता पुस्तकातला प्लेग आला की ती नोट वर्गात फिरवते. मुलं आधी लाटच बघतात!