साठ टक्के रक्त

परळच्या आमच्या चाळीत ‘मी थकले’ असं कुणी बाई सरळ म्हणत नसे. ‘अंगात त्राण नाही गो’, ‘कसंतरीच होतंय’, ‘गळून गेल्यासारखं वाटतंय’, ‘कशात मन लागत नाही’, एवढ्यावर अख्ख्या मजल्याचं भागायचं. यातलं शेवटचं दुखणं वेगळं होतं, हे आम्हा भावंडांच्या ध्यानात यायला आमचीच साठी जवळ यावी लागली.

घरात तीन जावा. थोरली काकी, आमची आई आणि धाकटी काकी. पुरुष गिरणीत, तिघे तीन पाळ्यांना, त्यामुळे स्वयंपाकघरालाही तीन पाळ्या. सातच्या भोंग्याआधी डबा भरून हवा म्हणून पहाटे चारला स्टो पेटायचा, आणि दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्र उलटून आला की त्याला गरम वाढायला कुणीतरी जागं असायचं. बांगड्याचे मधले तुकडे कामावर जाणाऱ्यांना, शेपट्या आम्हाला, बायकांना उरलंच तर कालवण. त्यातही सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण. मासेखाऊ घरातल्या या बायका वर्षातले निम्मे दिवस शिवराक असायच्या.

फारच झालं की नाक्यावरचा दवाखाना. डॉक्टर खालची पापणी ओढून बघायचे, नखं बघायचे, जीभ बाहेर काढायला लावायचे. ‘बाई, रक्त कमी आहे.’ मग चिठ्ठी घेऊन तपासणीला. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब बारीक नळीत ओढायचे, आम्लात मिसळायचे, दहा मिनिटं थांबायचे. रक्त चॉकलेटी होई. मग थेंब थेंब पाणी घालत त्याचा रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा. खिडकीच्या उजेडात नळी धरून तपासनीस एक डोळा मिटायचा, तेव्हा तो आम्हाला जादूगार वाटे. ढगाळ दिवशी त्याचा आकडा चुकत असणार, हे आता सुचतं. आकडा यायचा टक्क्यांत. आईचं साठ, धाकट्या काकीचं साठ, थोरलीचं पंचावन्न. आम्हाला परीक्षेत साठ पडले की घरात पेढे, यांना साठ पडले की टॉनिक.

‘ताकदीचं’ इंजेक्शन लालभडक असायचं. डॉक्टर काकीच्या अंगात रक्तच भरतात, अशी आमची खात्री. तो लाल रंग बी-बारा जीवनसत्त्वाचा; त्याच्या पोटात कोबाल्ट असतो म्हणून. इंजेक्शन घेऊन काकी आठवडाभर टवटवीत असायची. मला आता वाटतं, दवाखान्याच्या बाकावर तासभर कुणी हाक न मारता बसायला मिळायचं, त्याचाही तेवढाच गुण असावा.

लोहाच्या गोळ्या प्रसूतिगृहातून मिळायच्या. त्यांनी पोटात ढवळायचं, शौचाला काळं व्हायचं. धाकट्या भावाच्या वेळी आईने निम्म्या गोळ्या तुळशीच्या डब्यात पुरल्या. उरलेल्या चहाबरोबर घेतल्या, आणि चहा तर लोहाला अंगी लागू देत नाही. म्हणजे जो काही गुण यायचा तो तुळशीलाच आला. खरं औषध खुंटीला टांगलेलं होतं, लोखंडी कढई. आंबट केलं की तिच्यात काळं पडतं म्हणून सगळ्या करवादायच्या, पण ते काळं लोखंडाचंच देणं. पुढे हिंडालियम आलं आणि कढई माळ्यावर गेली.

घरापासून चालत दहा मिनिटांवर हाफकिन संस्था. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत, याच संस्थेत आली, ती गरोदर गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला. तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बरा होतो हे तिने १९३१ मध्ये छापून सांगितलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज पोटुशी बाईला देतात त्या गोळीची गोष्ट अशी गिरणगावातून जाते. आमची आजी त्या काळात वाइंडिंग खात्यात होती. तिचं बोट कुणी टोचलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

मग १८ जानेवारी १९८२. संप. भोंगे थांबले. पहाटे चारला उठायचं कारण उरलं नाही, तरी तिघी उठायच्या. धाकटी काकी गॅलरीत सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि हात तसेच राहायचे. जेवण जाईना, रात्री डोळ्याला डोळा नाही. पुन्हा दवाखाना, पुन्हा लाल इंजेक्शन, नंतर गावच्या देवाला कौल. त्या वर्षी तिचं रक्त पासष्ट टक्के भरलं होतं, तोवरचं सगळ्यात चांगलं. मनाचा डॉक्टर असतो हे कुणाच्या गावी नव्हतं. थोरल्या काकीने दहा-बारा जणांची खानावळ धरली आणि धाकटीला भाकऱ्यांना बसवलं. त्याने ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. हलायला लागली, एवढं खरं.

आता पाळी आमची. घरच्या ग्रुपवर सुप्रभाताच्या फुलांमागोमाग रिपोर्ट येतात. बी-बारा, डी-थ्री, थायरॉइड, फेरिटिन. एका बहिणीने केसांसाठी बायोटिन घेतलं आणि थायरॉइडचे आकडे वेडेवाकडे आले. गोळी थांबवून पुन्हा तपासलं तर सगळं जागच्या जागी. चुलतभावाला ६०,००० युनिटांची डी जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक सांगितली होती. त्याने लवकर बरं वाटावं म्हणून रोज घेतली आणि कॅल्शियम चढून ओकाऱ्या काढत बसला. आत्याला मात्र तपासणीनेच सोडवलं. मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन, पायांना मुंग्या, विसराळूपणा, उगाच रडू. वय झालं म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं होतं. नव्या डॉक्टरीणबाईंनी बी-बारा बघायला लावलं, ते तळाला. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते नीट शोषलं जात नाही म्हणे. पुन्हा तीच लाल इंजेक्शनं. दोन महिन्यांनी आत्या भांडायला लागली, तेव्हा आम्ही ओळखलं की गुण आला.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. गेल्या महिन्यात सकाळी सातला एक मुलगा अठराव्या मजल्यावर येऊन धाकट्या काकीचं रक्त घेऊन गेला. संध्याकाळी मोबाइलवर आकडा आला, १०.४.

‘किती टक्के?’ तिने विचारलं.

ग्रॅम तिला कळत नाहीत. साडेचौदा म्हणजे शंभर, या जुन्या हिशेबाने मी भागाकार केला. ‘बहात्तर, काकी.’

‘बहात्तर?’ ती बराच वेळ नखांकडे बघत राहिली. ‘थोरलीला मेलीला साठसुद्धा कधी मिळाले नाहीत.’