फटफटीचे पाठभेद

मोटारसायकलीला मराठीने जे घरगुती नाव दिले, ते तिच्या आवाजावरून. ‘फटफटी’ हा शब्द आता थट्टेपुरता उरला आहे. पण तो घडवणाऱ्याचा कान तिखट असला पाहिजे. दिसण्याआधी ऐकू येणारी वस्तू, हे या यंत्राचे लक्षण त्याने नेमके पकडले. आमचा विषय फटफटीच आहे. आणि तीही लडाखला जाणारी नव्हे. सकाळी महाविद्यालय, दुपारी बँक, संध्याकाळी मंडई, अशा नित्याच्या फेऱ्या करणारी.

आमच्याकडे १९८३ सालची येझदी रोडकिंग आहे. थोरल्या काकांनी ती नवी घेतली, पुढे आमच्या नावावर केली. साहित्य शिकवणाऱ्या माणसाने यंत्राविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु या गाडीने आमच्यापुढे जे प्रश्न उभे केले, ते आमच्याच विषयातले आहेत. मूळ संहिता कोणती? तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणाचा? आणि ती नेमकी कोणाची?

आधी तिची परंपरा पाहू. १९२९ साली प्रागमधील फ्रान्तिशेक यानेचेक या शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीकडून एका मोटारसायकलीचे उत्पादनहक्क विकत घेतले. दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव झाले. चेक लोक त्याचा उच्चार ‘यावा’ असा करतात. १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. तो उभारणारे इराणी कुटुंबातले होते. १९७०च्या दशकात ‘जावा’ हे नाव जाऊन ‘येझदी’ आले. हे नाव यझ्द या इराणी शहराशी नाते सांगते, आणि त्याच प्रदेशातून आलेल्या जरथुश्त्री मंडळींनी मुंबई-पुण्याला चहा आणि ब्रून-मस्क्याची चव लावली. योगायोगाची गोष्ट अशी, की चेक भाषेतही याच उच्चाराच्या जवळचे एक क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘तो वाहनाने ये-जा करतो’ असा होतो. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. म्हणजे जर्मन मूळ, त्याचे चेक रूपांतर, त्याची म्हैसूर प्रत आणि आमच्या गल्लीत तिच्यावर चाललेले भाष्य! एखाद्या ग्रंथाचा प्रवास याहून वेगळा कुठे असतो?

या प्रतीचे वाचन मात्र सोपे नाही. इंजिन दोन स्ट्रोकचे, त्यामुळे त्याच्या डोक्यात झडपा नाहीत. वंगण वेगळे फिरत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर मागचा स्कूटरवाला धुरात हरवतो. गियर टाकण्याचा आणि किक मारण्याचा दांडा एकच, डाव्या बाजूला. तो आत दाबून फिरवला की किक होते आणि परत जागेवर आणला की गियर. अनोळखी माणसाला ही गाडी चालू करता येत नाही, हेच तिचे कुलूप. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. प्रज्वलनाची वेळ फारच बिघडली तर हे इंजिन उलटेही फिरू शकते, आणि मग पहिला गियर टाकल्यावर गाडी मागे जाऊ लागते. अशा यंत्राशी जुळवून घ्यायचे तर त्याचे व्याकरण शिकावे लागते.

ते आम्हाला चाचांनी शिकवले. चाचा म्हणजे आमचे मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे, गॅरेज एका शटरएवढे. पॉइंटची वेळ लावताना ते सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटांच्या चिमटीत धरतात आणि चक्र हलके फिरवत राहतात. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. त्या क्षणी पिस्टन माथ्यापासून किती खाली असावा हे पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेले आहे. चाचांनी ते पुस्तक पाहिलेले नाही. एकदा आम्ही गाडीचा खडखडाट घेऊन गेलो, तेव्हा ते म्हणाले, “सर, वरचा आवाज सोडा, तो पिस्टनचा आहे, थंडीत येणारच. खालचा ऐका.” आम्ही ऐकले. वरच्या टकटकीखाली एक जड, दबलेला ठोका होता. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले होते. शब्दार्थ आणि ध्वन्यर्थ यांतला फरक आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. तो इतक्या स्वच्छपणे क्वचितच ऐकू आला असेल.

वाद सुरू झाला तो काकांच्या नातवामुळे. नात्याने तो आमचा पुतण्या. त्याला या गाडीची ‘कॅफे रेसर’ करायची आहे. १९५०-६०च्या दशकांत लंडनमधील तरुण एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यती लावीत, त्यासाठी गाड्यांवरचे जादा वजन उतरवीत आणि हँडल खाली घेत. त्या घाटाची ही गाडी. मडगार्ड काढायचे, मागची आसनाखालची फ्रेम कापायची, एकाच माणसापुरती बैठक ठेवायची. आम्ही म्हणालो, मूळ रूप जपले पाहिजे. त्याचे उत्तर तयार होते. “काका, मूळ म्हणजे कुठलं? आजोबांनी कुठे ठेवलं होतं मूळ?”

त्याने टाकीच्या तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा रंग खरवडून दाखवला. वरचा काळा, त्याखाली निळा, त्याखाली मरून. पायाजवळचा लोखंडी गार्ड भलत्याच गाडीचा निघाला. साडीसाठी बसवलेली जाळी गल्लीतल्या वेल्डरने केलेली, काकूंच्या सोयीसाठी. आम्ही जिला मूळ संहिता समजत होतो, ती प्रक्षेपांनी भरलेली होती आणि त्यातला प्रत्येक प्रक्षेप कोणाच्या तरी संसाराची गरज होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असेही बजावले. तेवढा अधिकार आमच्याकडे नाही, हे त्या खरवडलेल्या रंगाने सांगितले. काकूंची जाळी काढून टाकण्याने गाडी शुद्ध होईल की फक्त मुकी?

तरीही एक भेद आम्हाला करावासा वाटतो. समासात लिहिलेली टीप आणि फाडलेले पान, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. बोल्टने बसवलेले हँडल उद्या काढता येते. कापलेली फ्रेम पुन्हा तशीच जुळत नाही. कायद्याचाही कल याच बाजूला आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला. पण कायदा सोडला तरी यंत्राचे स्वतःचे म्हणणे असते. सायलेन्सरचेच पाहा. आतली नळी काढली की गाडी गरजते, म्हणून ती काढणारे पुष्कळ. परंतु दोन स्ट्रोकच्या इंजिनात सायलेन्सर हा नुसता आवाजाचा बोळा नसतो. बाहेर पडलेल्या वायूची दाबलहर त्यातून परत फिरते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण मागे ढकलते. नळी काढा, आवाज वाढेल आणि बळ घटण्याचाच संभव अधिक. शेजाऱ्यांची झोप जाईल ती वेगळीच. स्वतःला ऐकू येण्यासाठी केलेला बदल आणि यंत्राला ऐकून केलेला बदल, यांत हा फरक आहे.

रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ सालच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’मध्ये एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या गाडीचे सैल झालेले हँडल बिअरच्या डब्याची पट्टी घालून घट्ट करू, असे निवेदक सुचवतो आणि मित्र दुखावतो. पर्सिग यांनी तिथे यंत्र समजून घेणारा आणि न घेणारा, असे दोन स्वभाव पाहिले. आपल्याकडे प्रश्न स्वभावाचा कमी आणि हातांचा जास्त आहे. हौस मालकाची, काळे हात मिस्त्रीचे. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात टाकीवर हात ठेवून छायाचित्र काढून घेणारा मालक असतो. ज्याने पहाटेपर्यंत बसून कार्ब्युरेटर लावला, तो बहुधा चौकटीबाहेर असतो. कोणते हात मळावेत आणि कोणते स्वच्छ राहावेत, हे या देशात यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी ठरले होते. त्यामुळे ‘आमची गाडी’ म्हणताना आम्हाला आता थोडे अडखळायला होते.

आज ‘जावा’ हे नाव २०१८ पासून आणि ‘येझदी’ २०२२ पासून पुन्हा बाजारात आहे. इंजिने चार स्ट्रोकची, पाण्याने थंड होणारी. रूप मात्र जुन्याची आठवण देणारे. जुनेपणही आता नवे विकत मिळते. जुन्या गाडीची वाट मात्र अरुंद होत चालली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले, ते ओल शोषते आणि जुन्या रबरी भागांना मानवत नाही. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. चाचांचा मुलगा संगणकावर काम करतो. या धंद्यात तो येणार नाही, आणि का यावे?

असो. फ्रेमचा निकाल शेवटी चाचांनी दिला. “कापायची असेल तर कापा. मग दुसऱ्या मिस्त्रीकडे न्या.” कागदावरचे नाव आमचे, रक्ताचा वारसा पुतण्याचा, पण त्या दिवशी आम्हा दोघांनाही मालकीचा तिसरा दावा मान्य करावा लागला. पुतण्याने कापण्याचा बेत सोडलेला नाही, लांबवला आहे. चाचांनी त्याला अट घातली आहे, की आधी इंजिन पूर्ण उघडून स्वतःच्या हाताने जोडायचे, मग काय कापायचे ते बोलायचे. तो आता रविवारी गॅरेजवर जातो. क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचला आहे, आणि हल्ली घरी आला की ‘खालचा आवाज’ या विषयावर आम्हाला चार गोष्टी सुनावतो. काकूंची जाळी ठेवायची की काढायची, यावर मात्र आमचे अजून एकमत नाही.