आटगांवाहून माळशेज : दोन आसनांच्या मोटारींतून

मुंबईहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलनें आसनगांव मागें टाकलें, कीं थोड्याच वेळांत आटगांवचें लहानसें स्टेशन येतें. एका अंगास माहुलीचे सुळके, दुसऱ्या अंगास झाडींत दडलेला तानसा तलाव, आणि मध्यें भाताचीं खाचरें. एवढाच काय तो या गांवचा थाट. तानशाचें पाणी १८९२ सालापासून मुंबईकर पीत आले आहेत. पण तें येतें कोठून, हें किती जणांना सांगतां येईल, याची आम्हांस शंकाच आहे. माहुलीची कथा मात्र वाचकांस ठाऊक असेल. १६३६ सालीं मोंगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढें शहाजीराजांना जो गड सोडावा लागला, तोच हा. आमचें वडिलोपार्जित घर या गडाच्या नजरेखालीं आहे, आणि प्रस्तुत प्रवासाचा आरंभ त्याच घराच्या ओटीवरून झाला.

गेल्या मार्गशीर्षांत आमचा पुतण्या पुण्याहून घरीं आला, तो आगगाडीनें न येतां एका विलक्षण वाहनांत बसून आला. अंगणांत उभी केलेली ती मोटार पाहून मुलांनीं एकच गलका केला. छप्पर कापडाचें व घडी घालून मागें ठेवलेलें. मागची बैठक मुळीं नाहींच. उंची आमच्या कमरेहून थोडी अधिक. आंत बसावयाचें म्हणजे पाटावर बसून पाय लांब करावे तसें बसावें लागतें. ज्या घरांत दोन्ही वेळां दोन-दोन पंगती उठतात, त्या घरांत दोनच माणसांची मोटार म्हणजे चैनीची परमावधि! "यांत आपली मंडळी बसवायची तरी कशी?" असें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, तेव्हां चिरंजीव नुसता हंसला. वहिनी मात्र बाहेर आल्या नाहींत.

त्याचें कारण सांगितल्यावांचून पुढची हकीकत वाचकांस कळणार नाहीं. १९९६ च्या श्रावणांत आमचे थोरले बंधु, म्हणजे या चिरंजीवाचे वडील, कसाऱ्याचा घाट उतरतांना मोटारीच्या अपघातांत वारले. चिरंजीव तेव्हां चार वर्षांचा होता. गाडींत त्यांच्याशेजारीं आम्हीच होतों. आम्हांस खांद्याच्या दुखापतीपलीकडे कांहीं झालें नाहीं. "ब्रेक लागले नाहींत," एवढेंच आम्हीं घरीं येऊन सांगितलें, आणि एवढेंच घरांत सर्वांना ठाऊक होतें. त्या दिवसापासून वहिनींनीं घाट पाहिला नाहीं. दरवर्षीं घाटनदेवीची ओटी भरण्याचा त्यांचा नेम होता, तोही तेव्हांपासून सुटला.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर वहिनी ओटीच्या दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. "भावजी, तो माझें ऐकायचा नाहीं. तुम्हीच एकदां त्याच्याबरोबर घाटांत जाऊन या. गाडी कशी चालते, हा कशी चालवतो, तें पाहा आणि मला खरें काय तें सांगा. तुम्ही नको म्हणालांत तर तो ती विकून टाकील." 'खरें काय तें' हे शब्द त्या सहजच बोलल्या असतील; पण त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

आटगांवाहून घाट चढावयाचा तर कसारा अगदीं जवळ. पण मुंबई-आग्रा रस्त्यावर अवजड मालमोटारींची रांग कधीं तुटत नाहीं. तेथें गाडीची परीक्षा होत नाहीं, चालकाच्या सहनशीलतेची होते. आगगाडीनें हाच डोंगर १ जानेवारी १८६५ पासून जिंकलेला आहे. सदतीस फुटांत एक फूट अशा चढणीवर अद्यापही मागून ढकलणारीं जादा इंजिनें लावावीं लागतात. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हांपासून तर मोटारींना सुमारें आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून डोंगराच्या पोटांतूनच जातां येतें. वळण नाहीं, दरी नाहीं, दृश्यही नाहीं! सोय मोठी झाली, यांत संशय नाहीं. परंतु मोटार वळते कशी हें ज्यास पाहावयाचें, त्यानें मुरबाड तालुक्यांतून माळशेजकडे जावें. कसाऱ्याची वाट न धरण्यास आमच्या मनांत दुसरेंही कारण होतें. चिरंजीवानें तें ओळखलें असावें, कारण माळशेजचें नांव त्यानेंच काढलें.

पहाटे निघालों. वहिनींनीं दशम्या व लसणीची चटणी यांचें पुडकें हातीं दिलें. गाडीकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. शहापूर, किन्हवली, सरळगांव असा हा रस्ता. कापणी होऊन गेलेलीं खाचरें दंवानें ओलीं झालीं होतीं, आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरून धूर वर चढत होता. दूर आजोबाचा डोंगर उभा होता; वाल्मीकींचा आश्रम तेथें होता व लव-कुश तेथेंच जन्मले, अशी या भागांत श्रद्धा आहे. उघड्या गाडींत बसल्यामुळें गवताचा, शेणाचा, जळत्या लांकडांचा वास सरळ नाकांत येतो. बंद मोटारींतून हाच प्रदेश आम्हीं अनेकदां पाहिला होता. पण त्याचा वास घेतला नव्हता, हें तेव्हां ध्यानांत आलें.

टोकावडें गेलें, मोरोशी गेली, आणि सह्याद्रीची भिंत समोर उभी राहिली. येथें चिरंजीवानें गाडी कडेला घेऊन टायरांतली हवा पाहिली व आमच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. अशा गाडीस 'स्पोर्ट्‌स' म्हणतात तें केवळ वेगामुळें, अशी आमची समजूत होती. ती त्यानें दूर केली. सरळ रस्त्यावर धांवणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. हिचा गुण वळणांत. वजन थोडें, तेंही जमिनीलगत, आणि पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान वांटलेलें. इंजिनाची शक्ति मागच्या चाकांना मिळते, त्यामुळें पुढच्या चाकांस वळण्याखेरीज दुसरें काम राहत नाहीं. इंग्लंडांत १९४५ पासून निघालेली लहानगी एम. जी. टी. सी. याच जातीची, तिच्या इंजिनाची शक्ति आजच्या लहान घरगुती मोटारीहूनही कमी होती, तरी वळणांच्या रस्त्याचे शौकीन तिजवर लुब्ध होते. आपल्याकडेही गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत 'सॅन स्टॉर्म' नांवाची दोन आसनी गाडी तयार होऊं लागली होती. ती फार दिवस टिकली नाहीं. युरोपांत आल्प्स पर्वतावर स्टेल्व्हिओ नांवाची २,७५७ मीटर उंचीची खिंड आहे. तिच्या एका बाजूस अठ्ठेचाळीस उलट वळणें मोजतात, आणि तीं चढण्यासाठीं लोक अशा गाड्या घेऊन दूरदूरच्या देशांतून येतात. "आपल्या दारांत माळशेज आहे, काका, आपण त्यांतून झोंप काढीत जातों," असें चिरंजीव म्हणाला.

घाट सुरू झाला. पहिल्याच मोठ्या वळणास आमचा हात नकळत दाराकडे गेला. परंतु गाडी झुकली नाहीं. उंच मोटार वळतांना बाहेरच्या अंगास कलते व आंतला माणूस शेजाऱ्यावर लोटला जातो. ही जणूं जमिनीस चिकटून फिरली. चिरंजीवाची रीति आम्ही पाहत होतों. वळण येण्यापूर्वीं, गाडी सरळ असतांनाच तो ब्रेक लावी, खालचा गिअर टाकी, हॉर्न देई, आणि मग नजर दरीकडे न ठेवतां वळण जेथें उलगडतें तेथें ठेवून स्टिअरिंग एकाच संथ हालचालीनें फिरवी. वळणाचें टोंक दिसूं लागलें कीं मगच पाय हलकेच वाढवी. मध्येंच ब्रेक नाहीं, मध्येंच हिसका नाहीं.

"वळणांत ब्रेक दाबला तर काय होतें?" आम्हीं विचारलें.

"वजन पुढें जातें, मागचीं चाकें हलकीं होतात, आणि शेपूट दरीकडे निघतें. फार वेगानें आंत शिरलें तर उलट. स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळच जाऊं पाहतें. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार आहे, काका. ब्रेकसाठीं खर्च केली तर वळायला उरत नाहीं."

मग त्यानें हिशेब सांगितला, तो घरच्या मुलांनीं कागदावर अवश्य करून पाहावा. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं चाळीस किलोमीटर वेग असेल, तर गाडीस वळतें ठेवण्यास तिच्या वजनाच्या दोन पंचमांशांहून थोडा अधिक जोर टायरांनीं द्यावा लागतो. वेग साठ केला, म्हणजे दीडपट, तर जोर सव्वादोनपट, जवळजवळ वजनाइतका लागतो. चांगल्या टायरची पकड कोरड्या डांबरावर साधारणतः वजनाच्या आठ-नऊ दशांशांपलीकडे जात नाहीं, आणि ओल्या रस्त्यावर ती बरीच घटते. चाळीस व साठ यांमध्यें घड्याळाचा कांटा बोटभर सरकतो. पण एका अंगास घर आहे व दुसऱ्या अंगास दरी. गाडी कितीही कुलवान असली तरी हें गणित तिला माफ नाहीं. म्हणूनच चिरंजीव त्या वळणांवर चाळिसाच्या आंतच राहिला, आणि तरीही गाडीचा आनंद आम्हांस पुरेपूर मिळाला. वेगाचा नव्हे, नेमकेपणाचा तो आनंद होता; तबलजीची सम चुकत नाहीं तेव्हां होतो तसा.

बोगदा ओलांडून माथ्यावर आलों. येथें ठाणें जिल्हा संपून पुण्याचा जुन्नर तालुका लागतो. पावसाळ्यांतले धबधबे आटले होते, कड्यांवर त्यांच्या काळ्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. हरिश्चंद्रगडाचा पसारा एका बाजूस, आणि खालीं आम्ही ज्या वाटेनें आलों ती कोंकणची पट्टी. सातवाहनांच्या काळीं व्यापारी जवळच्याच नाणेघाटानें बैल हांकीत चढत. त्यांच्या मानानें आम्हीं केलेले श्रम म्हणजे कांहींच नाहींत. तरी दशम्या खातांना भूक चांगली लागली होती. परंतु परतीचा उतार पुढें होता, आणि आमच्या घशाखालीं शेवटचा घांस उतरेना.

चढणीपेक्षां उतरण कठीण. रुंदी अपुरी असेल तेथें चढणाऱ्यास वाट देणें हा उतरणाऱ्याचा धर्म आहे, आणि कायदाही. चिरंजीवानें निघतांनाच दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरूं लागलें व गाडी आपणच आवरल्यासारखी चालली. आळेफाट्याकडून भाजी घेऊन निघालेल्या मालमोटारी आमच्या पुढें संथपणें उतरत होत्या. त्यांनाही त्यानें ओलांडलें नाहीं.

"हजार किलोची गाडी अर्धा किलोमीटर खालीं उतरते, तेव्हां जी उष्णता होते तिनें आपल्या न्हाणीघरांतला बंब उकळेल," तो म्हणाला. "चौदा-पंधरा लिटर थंड पाण्याला आधण येईल एवढी. ती सगळी ब्रेकांवर टाकली तर ते तापून निकामी होणारच. गिअर असला कीं निम्मा भार इंजिन उचलतें." कांहीं क्षण तो थांबला. पुढचें वळण नीट पार झाल्यावर त्यानें रस्त्यावरची नजर न काढतां विचारलें, "काका, बाबांनीं त्या दिवशीं गाडी गिअरमध्यें ठेवली होती का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता, आणि रोज रात्रीं आम्हीं तो स्वतःस विचारला होता. बंधूंना पेट्रोल वांचविण्याची संवय होती. घर मोठें, मिळवते हात दोन. उतार लागला कीं ते गिअर काढून गाडी सोडून देत. त्या दिवशींही त्यांनीं तेंच केलें. जळका वास आम्हांस आला होता. "दादा, गिअर टाक," हे शब्द आमच्या ओंठांवर आले होते. पण थोरल्या भावास शिकवावें कसें, म्हणून आम्ही गप्प बसलों.

"नाहीं," आम्ही म्हणालों. "ठेवली नव्हती. आणि मी त्याला सांगितलें नाहीं."

पुढचीं दोन वळणें कोणीच बोललें नाहीं. मग तो म्हणाला, "मला वाटलेंच होतें. तेव्हांच्या गाड्यांत थोडें पेट्रोल वांचतही असे. आतांच्या गाड्या गिअरमध्यें उतरतांना पेट्रोल घेतच नाहींत." आणि आणखी थोडें खालीं गेल्यावर: "तुम्ही बोललां असतां तरी बाबांनीं ऐकलें असतें का?" याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, व त्यानेंही तें मागितलें नाहीं. मोरोशीस येऊन त्यानें चाकांवर हात धरून पाहिला. ब्रेक कोमट होते.

घरीं पोंचलों तों दिवेलागण झाली होती. वहिनी देवघरांतून बाहेर आल्या. चिरंजीव गाडी झांकावयास गेला होता. आम्हीं ठरविलें होतें त्याप्रमाणें सर्व सांगितलें; १९९६ चेंही सांगितलें, कांहीं न वगळतां. वहिनी खांबाला टेकून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर बराच वेळ त्या अंगणाकडे पाहत राहिल्या.

"आणि हा?" त्यांनीं विचारलें.

"हा गिअर काढीत नाहीं. वळणाच्या आधीं वेग कमी करतो. पुढच्या मालमोटारीच्या मागें मुकाट्यानें चालतो. गाडी चांगली आहे, वहिनी, पण गाडीहून तो चांगला आहे."

त्या आंत गेल्या. आम्हांस वाटलें, आतां हें घर आपणांस पहिल्यासारखें राहणार नाहीं. थोड्या वेळानें चुलीपाशीं भांड्यांचा आवाज झाला, आणि नेहमींप्रमाणें आमच्यासाठीं चहाचा पेला बाहेर आला. तो ठेवतांना वहिनी म्हणाल्या, "भावजी, मंगळवारीं घाटनदेवीची ओटी भरायची आहे. त्याला म्हणावें, मला घेऊन जा. दोघांचीच तर गाडी आहे."