बांधावरची नावं

गेल्या आठवड्यात गटातल्या शेतकऱ्यांबरोबर कच्छला खारकेच्या बागा बघायला गेलो होतो. बागांचं पुढच्या वेळी लिहितो. आज भुजच्या स्मृतिवनाचं सांगायचंय.

26 जानेवारी 2001 ला सकाळी पावणेनऊला तिथं भूकंप झाला. त्यात गेलेल्यांच्या आठवणीत भुजियो डुंगरावर 470 एकरांत हे वन केलंय. उतारावर 50 बंधारे बांधलेत, अन् त्यांच्या भिंतींवर गेलेल्या माणसांची नावं बसवलीत. एकूण 12,932. पाऊस पडला की पाणी त्या नावांपाशी अडतं, मुरतं आणि झाडांना मिळतं. बाकीचे फोटो काढत होते. मी एका भिंतीपाशी बसूनच राहिलो.

मी किल्लारी भागातला. 30 सप्टेंबर 1993, गणपती बुडवलेली रात्र. मी हायब्रीड राखायला रानात माळ्यावर झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला हादरा बसला. चांदण्यात गावावर नुसता धुरळा दिसला.

आमचं घर दगड-मातीचं, वर माळवद. गळतंय म्हणून मृगाआधी मीच पंचवीस टोपली पांढरी माती वर टाकली होती. वडील म्हणले, "बास कर, लई वजन झालं." मी ऐकलं नाही. त्याच मातीखालून दुपारी त्यांना काढलं. हे घरात कधी बोललो नव्हतो.

दोष एकट्या मातीचा नव्हता, हे पुढं कळलं. भिंतीत गोल दगड, मधी चिखल. आतली अन् बाहेरची बाजू एकमेकीला धरून नव्हती, म्हणून भिंत फाटली आणि माळवद खाली आलं.

अजून कुणाचं घर, गोठा तसला असंल तर माळवदावर माती वाढवू नका. जमलं तर उतरवून पत्रे टाका. नवी दगडी भिंत घालताना दर दोन फूट उंचीला आरपार जाणारे लांब दगड घाला, आणि चारी भिंतींवरून सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा.

घरी आल्यावर पोराला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणला, "आबा, नाल्यावरचा फुटका बांध यंदा नीट बांधू. आजोबांचं नाव घालू."

मृगाआधी काम धरतोय.