विहिरीकडची भिंत

सार्वजनिक बांधकाम खात्यात मी ओव्हरसियर म्हणून रुजू झालो तो काळ १९७० नंतरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. त्या वेळी कोकणात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शाळेच्या, दवाखान्याच्या आणि कचेरीच्या अंदाजपत्रकात वाळवी-प्रतिबंधक उपचाराची एक बाब हटकून असे. आणि जोत्याच्या भरावावर काँक्रीट पडण्यापूर्वी दर चौरस मीटरला ५ लिटर या प्रमाणाने आल्ड्रिनचे पाणी जमिनीत मुरले की नाही, हे समक्ष पाहून मोजमाप-पुस्तकात त्याची नोंद करणे हे माझे काम असे. अर्ध्या टक्क्याचे ते दुधाळ द्रावण झारीने शिंपडले जाई. ते कालवणारा गडी, काठी हाताशी नसली तर, कोपरापर्यंत हात घालून ढवळी, दुपारी त्याच हातांनी भाकरीचे फडके सोडी, आणि रिकामा झालेला पत्र्याचा डबा घासूनपुसून पाणी भरण्यासाठी घरी नेई. डबे फोडून पुरावेत अशी ताकीद होती. परंतु त्या दिवसांत डब्याला बाजारात किंमत होती, ताकिदीला नव्हती.

या कामाची भारतीय मानक संहिता, आय.एस. ६३१३, दोन गोष्टी एकाच गांभीर्याने सांगते. एक अशी की, इमारतीच्या पायाभोवतीचा विषाचा पट्टा कोठेही न तुटता अखंड असावा. आणि दुसरी अशी की, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी व झरे त्यामुळे दूषित होणार नाहीत अशी खबरदारी घ्यावी. पहिलीसाठी आमच्या पुस्तकात लिटरांचा रकाना होता आणि मक्तेदाराचे बिल त्यावरूनच निघे. दुसरीसाठी रकाना नव्हता, आणि जिला रकाना नाही अशी खबरदारी सरकारी दप्तरात फार काळ जिवंत राहत नाही.

आल्ड्रिनवर आपल्याकडे १९९६ मध्ये बंदी आली. जमिनीत त्याचे डायेल्ड्रिन होते, ते वर्षानुवर्षे नाश पावत नाही, आणि किड्यामुंग्यांतून पाखरांच्या व पुढे माणसांच्या चरबीत साठत जाते; म्हणजे ज्या चिवटपणासाठी आम्ही त्याची निवड करीत होतो, तोच त्याचा दोष ठरला. त्याच्या जागी क्लोरपायरीफॉस आले. ते तुलनेने लवकर विघटित होणारे खरे, पण पायाखालच्या अंधाऱ्या, बंदिस्त मातीत तेही काही वर्षे तग धरते, आणि माशांना तर अत्यल्प मात्रेतही घातक असते.

निवृत्तीनंतर रत्नागिरी जिल्ह्यातील वडिलार्जित घरी राहायला आलो तेव्हा वाळवी की विष हा प्रश्न माझ्याच दाराशी येऊन उभा राहिला. वाळवीचा कैवार घेण्याचा माझा मुळीच हेतू नाही; तिने आमच्या वडिलांची जुनी खरेदीखते पेटीसकट फस्त केली होती. तथापि तिच्या असंख्य जातींपैकी घरांना उपद्रव देणाऱ्या थोड्याच. बाकीच्या पालापाचोळा खाऊन माती घडवतात, आणि जोत्याखालचे विष त्यांची निवड करीत नाही.

घराच्या वाळवी-उपचारासाठी बोलावलेल्या मक्तेदाराच्या माणसांनी फरशीच्या कडेने फूटफूट अंतरावर भोके पाडून त्यांत औषध भरले, आणि मग बाहेरच्या अंगाने पायालगत चर खणला. पावसाळा नुकताच सरला असल्याने माती भुसभुशीत होती आणि फावड्यागणिक गांडुळे निघत होती. चरात द्रावण ओतल्यावर, रॉकेलसारख्या उग्र दर्पात, ती एकामागून एक वर आली, क्षणभर आळोखेपिळोखे देत राहिली आणि निपचित झाली. कामावरच्या पोराने ती फावड्याने बाजूला सारली, आणि लगेच कोंबड्या धावल्या; त्यांना हाकलण्यात माझा बराच वेळ गेला.

उरली होती विहिरीकडची भिंत. क्लोरपायरीफॉस मातीला घट्ट धरून राहते, पाण्यात फारसे विरघळत नाही, हे मक्तेदाराचे म्हणणे मैदानी, काळ्या मातीच्या मुलखात बव्हंशी खरे ठरले असते. परंतु आमचे घर जांभ्यावर बसलेले, वर मातीचा थर तो केवढा, आणि खालचा दगड असा सच्छिद्र व भेगाळ की आषाढात अंगणात पडलेले पाणी पाहता पाहता विहिरीच्या कठड्याखालून झिरपताना दिसते. त्या पाण्यासोबत सैल मातीचे कण आले, म्हणजे कणाला चिकटलेले विषही आलेच. शिवाय डासांसाठी सोडलेले गप्पी मासे त्याच विहिरीत. मी तो चर खणू दिला नाही. मक्तेदाराने हुज्जत घातली, अखंड पट्ट्याचा नियम मलाच ऐकवला, आणि अखेर हमीपत्रावर शेरा मारला की, विहिरीकडील बाजू मालकाच्या आग्रहावरून वगळली असून सबब तिची हमी नाही.

त्या बाजूची व्यवस्था आता आम्हीच पाहतो. भिंतीला टेकून रचलेली लाकडे हलवली, दाराच्या चौकटीला काजूच्या टरफलाचे तेल दिले, आणि मातीची नळी वर चढताना दिसली की गडी ती खरवडून काढतो. काम कंटाळवाणे आहे, आणि एखादे वर्ष हयगय झाली तर चौकट जाईल हेही मी जाणतो. इतर तीन बाजूंच्या हमीची मुदत संपत आल्याने मक्तेदाराचे नूतनीकरणासाठी निरोप येऊ लागले आहेत. अंदाजपत्रकात विहिरीचे अंतर लिहून पाठवा, मग दराचे बोलू, असे मी त्यांना कळवले आहे.