आतला प्रिंटर, बाहेरचा प्रिंटर

रत्नागिरीचा पावसाळा माणसांना सोसतो, यंत्रांना सोसत नाही. 2022 च्या जुलैमध्ये माझा ऑफिसातला जुना कॉम्प्युटर दोन दिवस घरघरला आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाला. मी एका वकील साहेबांकडे टायपिंगचं काम करते. कोर्टाचे अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं. साहेबांनी दुसरा कॉम्प्युटर आणून दिला, पण तो प्रिंटरला जोडणारा माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता आणि दिवस होता शुक्रवार.

आमच्याकडे प्रिंटर दोन. एक आतल्या खोलीत, मुन्शी चाचांच्या कॉम्प्युटरला वायरने जोडलेला. दुसरा बाहेर, पक्षकार बसतात त्या बाकाजवळ. झेरॉक्स, स्कॅन सगळं तोच करतो आणि तो राउटरला जोडलेला आहे. मला दोन्ही लागतात.

माझा भाचा दोह्याला एका कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. तिथे शुक्रवारी सुट्टी. त्याला झोपेतून उठवलं. जांभई देत म्हणाला, "खाला, आधी चाचांच्या कॉम्प्युटरवर बस. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग नावाचा भाग आहे, तिथे टिकमार्क कर." मग माझ्या कॉम्प्युटरवर दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे चाचांच्या कॉम्प्युटरचं नाव टाईप करायला लावलं. त्याबरोबर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली. चाचांनी पासवर्ड कधी ठेवलेलाच नाही. रकाना रिकामा ठेवून पाहिलं, आत घेईना.

भाचा हसला. म्हणाला, ज्या खात्याला पासवर्ड नाही त्याला विंडोज समोर बसून उघडू देते, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून येऊ देत नाही. मी म्हटलं, मग ती विचारपूसच बंद करता येत नाही का? येते, म्हणाला, पण करू नकोस. मग तुमच्या राउटरला जो जोडला जाईल त्याला चाचांच्या शेअर केलेल्या वस्तूंचं दार उघडं. आदल्या वर्षी जुलैमध्ये याच छपाईच्या सेवेत, स्पूलरमध्ये, एक मोठं भोक सापडलं होतं. त्याला 'प्रिंटनाइटमेअर' असं नाव पडलं आणि घाईघाईने अपडेट काढावे लागले. "वकिलाचं ऑफिस आहे खाला, लोकांची गुपितं असतात."

चाचांना पासवर्ड ठेवायला राजी करण्यात अर्धा तास गेला. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षं कपाटाला कुलूप लावलं ते पुरे नाही का? शेवटी ठेवला, आणि चिठ्ठीवर लिहून त्याच कपाटात कुलूपबंद केला. आतला प्रिंटर जोडला गेला.

बाहेरचा सोपा निघाला. त्याच्याच बटणांतून एक पान छापून घेतलं, त्यावर त्याचा चार आकडी तुकड्यांचा पत्ता होता. तो माझ्या कॉम्प्युटरमध्ये भरला. लाईट गेली की राउटर कधी कधी प्रिंटरला नवाच पत्ता देतो आणि मग सगळे कॉम्प्युटर जुन्या घराचं दार वाजवत बसतात, म्हणून भाच्याने राउटरमध्ये तो पत्ता त्या प्रिंटरसाठी राखून ठेवायला लावला. आमच्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते हे त्याला लहानपणापासून माहीत. चाचणीचं पान आधी आत काढलं, मग बाहेर. दोन्ही आली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात एक बाई आली. वय तिशीचं. गावाचं नाव लिहीत नाही. नवरा आखातात, अडीच वर्षं खर्ची नाही, फोनही नाही. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याने दोन वर्षं खर्च दिला नाही तर बायकोला कोर्टातून लग्न संपवता येतं. त्याआधीची नोटीस साहेबांनी मला सांगून टाईप करून घेतली. मग साहेब आणि चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले. बाई आतल्या खोलीत माझ्यासमोर बसून होती. मी प्रिंटचं बटण दाबलं.

आतला प्रिंटर हलला नाही. वाटलं, टोनर संपला. पुन्हा दाबलं. तरी काही नाही. मग बाहेरून आवाज आला.

धावत गेले. बाकावर पाच-सहा माणसं. त्यातला एक गृहस्थ आपल्या प्रतिज्ञापत्राची वाट बघत होता. आपलाच कागद समजून त्याने पानं उचलली होती आणि वाचत होता. मला बघून त्याने ती पुढे केली, काही बोलला नाही. चार पानं, म्हणजे दोन प्रती. तो बाईच्या सासरच्याच गावचा होता, हे मला त्याच्या प्रतिज्ञापत्रावरून माहीत होतं.

झालं होतं एवढंच की विंडोजमध्ये एक सोय असते: शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं, तोच तुमचा नेहमीचा प्रिंटर ठरतो. मी शेवटचं चाचणीचं पान बाहेर काढलं होतं. प्रिंटच्या खिडकीत सगळ्यात वर प्रिंटरचं नाव लिहिलेलं असतं. मी ते वाचलं नाही. दोष यंत्राचा नाही, माझा.

चाचा नमाजहून आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, गप्प राहा, तो भला माणूस आहे, कुठे बोलणार नाही. मला ते पटलं नाही. कागद तिचा, भीती तिची, मग माहिती तिला नको? साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सांग, आणि माझ्यासमोर सांग."

मी सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. ती थोडा वेळ हातातल्या पिशवीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाजी, नोटीस टपालाने त्यांच्याच घरी जायची आहे, ती लपणार कुठे? पण मला दोन दिवस हवे होते. मुलांचे जन्माचे दाखले, पासबुक, माझे दागिने, सगळं तिकडेच आहे."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत होते. तिने पदर सावरला आणि पुढची एसटी किती वाजता आहे ते चाचांना विचारलं. चाचा छत्री घेऊन तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. मघाशी गप्प राहा म्हणणारे तेच.

संध्याकाळी तिचा फोन आला. दाखले आणि पासबुक मिळालं होतं. दागिन्यांचं पुढे काय झालं ते साहेबांच्या फाईलमध्ये आहे आणि ते तिथेच राहील. इथे जे लिहिलं तेही तिला विचारून.

त्या रात्री भाच्याला पुन्हा फोन केला. ती आपोआप बदलणारी सोय बंद केली आणि आतला प्रिंटर कायमचा नेहमीचा करून ठेवला. प्रिंटरांची कंपनीने दिलेली लांबलचक आकडेवाली नावं पुसून 'आतला' आणि 'बाहेरचा' अशी ठेवली. बाहेरच्या प्रिंटरला पिन टाकल्याशिवाय कागद सोडायचा नाही अशीही सोय निघाली. खाजगी कागद कधी तिथे काढायचाच झाला तर आता ती वापरते. साहेबांनी बाकही प्रिंटरपासून हलवून दाराकडे सरकवला, हे मात्र कुठल्याच भाच्याला सुचलं नव्हतं.

बटण दाबण्याआधी मी वरचं नाव मोठ्याने वाचते. चाचा चष्म्यावरून बघतात. "काय पुटपुटतेस?"

"आतला, चाचा," मी म्हणते, आणि दाबते.