आधी लांबी, मग मजकूर

साहित्याच्या पानावर संगणकाच्या पोटातली गोष्ट सांगायला बसावे, हे थोडे आगंतुकपणाचे आहे याची आम्हांला जाणीव आहे. एम.ए.ला आम्ही पाठचिकित्सा शिकलो आणि पुढे पोटासाठी संगणकाच्या आज्ञावली लिहू लागलो. ही दोन आयुष्ये एकमेकांना कधी भेटतील असे वाटले नव्हते. ती भेटली, आणि ज्या प्रसंगात भेटली त्यात आमच्या हातून एका माणसावर अन्याय झाला. म्हणून हे लेखन.

आमचे काम फाइलसिस्टीमच्या ड्रायव्हरचे. साठवणीची तबकडी स्वतः निरक्षर असते. तिच्यापाशी क्रमांक घातलेले असंख्य कप्पे असतात, एवढेच. कोणत्या कप्प्यांची मिळून एक फाइल होते, त्यांचा क्रम काय, लांबी किती, हा सारा हिशेब ठेवणारा कारकून म्हणजे हा ड्रायव्हर. तो नीट वागतो तोवर त्याचे अस्तित्व कोणाच्या ध्यानातही येत नाही.

एका वर्षी तक्रारी येऊ लागल्या. फाइलची प्रत काढली की तिची लांबी बरोबर भरे, पण मध्येच कुठेतरी मजकुराच्या जागी नुसती शून्ये सापडत. मूळ फाइल उघडावी तर ती अखंड. हजारो प्रतींत एखादीच अशी त्रुटित निघे. पोथ्यांच्या जगात वावरलेल्या माणसाला हे दृश्य परिचयाचे होते. मूळ शाबूत आणि नक्कल गळकी.

त्याच सुमारास आमच्या एका तरुण सहकाऱ्याने वाचनाच्या वाटेवरचे एक अनावश्यक काम काढून टाकून ती वाट जलद केली होती. बैठकीत आम्ही म्हणालो, ‘‘काल-परवापर्यंत सगळे सुरळीत चालले होते.’’ वाक्य खरे होते आणि त्याचा रोख सगळ्यांना कळला. त्याने दोनदा सांगितले, ‘‘सर, माझा बदल फक्त वाचतो, कुठेच काही लिहीत नाही.’’ आम्ही ते ऐकून घेतले आणि त्याचा बदल मागे घेतला. इतिहासाच्या नोंदीत कारण लिहिले: सदोष बदल. तक्रारी थांबल्या. यापेक्षा अधिक पुरावा तो कोणता हवा?

तीन आठवड्यांनी पुन्हा एक तक्रार आली. ती अशा यंत्रावरून होती, जिथे त्या मुलाचा बदल कधी पोहोचलाच नव्हता.

मग शोध सुरू झाला. या जातीच्या दोषाला रेस कंडिशन म्हणतात. दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात आणि त्यांतले कोणते आधी पोहोचेल यावर निकाल अवलंबून असतो. असा दोष पाहू गेल्यास लपतो. काय घडते ते टिपावे म्हणून आम्ही मध्ये एक नोंद करणारी ओळ घातली, तर त्या ओळीने लागणाऱ्या क्षणभराच्या वेळाने शर्यतीचा निकालच बदलला आणि दोष नाहीसा झाला. तेव्हा आम्ही उलट केले. ज्या ज्या दोन ओळींविषयी संशय होता, त्यांच्यामध्ये मुद्दाम विलंब घालत गेलो. सहाव्या जागी विलंब घालताच प्रत्येक प्रत त्रुटित निघू लागली.

त्या दोन ओळी अशा होत्या: फाइल वाढत असेल तर आधी तिची नवी लांबी नोंदवायची, मग मजकूर भरायचा. दिवाळी अंकाची अनुक्रमणिका छापून व्हावी, पृष्ठक्रमांक पडावेत आणि लेख मात्र अजून लेखकाच्या टेबलावर असावा, असा हा प्रकार. लेख येतो, अंक पूर्ण होतो, कोणाला काही कळत नाही. पण नेमक्या त्या फटीत कोणी अंकाची नक्कल केली, तर तिच्यात कोरी पाने येणारच. नक्कल करणाऱ्याचा वेग वाढला की फटीत सापडण्याचे प्रसंग वाढतात. फट त्याने निर्माण केलेली नसते.

त्या दोन ओळी नऊ वर्षांपूर्वीच्या होत्या. त्या आम्हीच लिहिल्या होत्या.

दुरुस्ती चार ओळींची झाली. आधी मजकूर, मग लांबी. कारण लांबी ही जगाला केलेली घोषणा असते. नुसती अदलाबदल मात्र पुरत नाही. आजचे प्रोसेसर वेगासाठी कामांचा क्रम परस्पर बदलू शकतात, म्हणून दोहोंमध्ये एक बांध घालावा लागतो: अलीकडचे दुसऱ्यांना दिसल्याखेरीज पलीकडचे दिसता कामा नये. वाचणाऱ्याच्या बाजूलाही तसाच बांध हवा. लिहिणाऱ्याने एकट्याने पाळलेली शिस्त अपुरी ठरते.

पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात ओपनझेडएफएस या प्रसिद्ध फाइलसिस्टीमची हकीकत वाचली आणि आम्ही चपापलो. तिथेही प्रतींमध्ये शून्ये निघत होती. संशय ऑक्टोबरात आलेल्या २.२.० या आवृत्तीतल्या ‘ब्लॉक क्लोनिंग’ या नव्या सोयीवर गेला आणि २.२.१ मध्ये ती बंद ठेवण्यात आली. पण ती सोय ज्यात मुळातच नव्हती त्या जुन्या २.१ मालिकेतही दोष आढळला. प्रत काढणारी आज्ञावली विचारी, ‘‘या फाइलमध्ये कुठे मोकळी जागा आहे का?’’ ताजा मजकूर एका यादीतून पुढे सरकत असतानाच हा प्रश्न आला, तर ‘‘सगळे तबकडीवर पोहोचले आहे’’ असे गृहीत धरून चुकीचे उत्तर मिळे. दुरुस्ती इतकीच, की एका खुणेवर विसंबू नये, दोन्ही खुणा तपासाव्यात. नोव्हेंबरअखेर ती २.२.२ आणि २.१.१४ मध्ये आली. दोष वर्षानुवर्षे तिथेच बसून होता. प्रती काढण्याच्या पद्धती बदलल्या, तसा तो प्रकाशात आला.

पाठचिकित्सेच्या वर्गात आम्ही शिकलो होतो, की प्रत उशिराची आहे एवढ्यावरून ती भ्रष्ट समजू नये. इटालियन अभ्यासक जॉर्जो पास्क्वाली यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात हे आग्रहाने मांडले आहे. त्यावर आम्ही परीक्षेत चार पाने लिहिली होती आणि गुणही बरे मिळाले होते. पण जुन्या ओळी आपल्या आणि नवी ओळ दुसऱ्याची, अशी वेळ आली तेव्हा ती चार पाने आठवली नाहीत. जुनेपणाला आम्ही शुद्धतेचा पुरावा मानले, आणि त्यात आपलेपणाचा वाटा किती होता हे तपासलेही नाही. पोथीच्या शेवटी लेखकू लिहून ठेवत, की जसे पाहिले तसे उतरवले, दोष मला देऊ नये. त्या मुलाचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली होती. क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘‘सर, दोष सापडला ना, झालं तर मग.’’ हे औदार्य होते की विषय संपवण्याची घाई, ते आम्हांला आजही ठरवता आलेले नाही. त्याचा बदल आम्ही पुन्हा जसाच्या तसा समाविष्ट केला.

मात्र आमच्या कामात इतिहास पुसण्याची रीत नाही. ‘सदोष बदल’ ही आमची नोंद त्याच्या नावापुढे तशीच आहे आणि राहील. तिच्यानंतर आम्ही आणखी एक नोंद जोडली आहे: दोष त्या बदलात नव्हता, नऊ वर्षांपूर्वीच्या दोन ओळींत होता, आणि त्या ओळी लिहिणारे आम्ही. वरची नोंद वाचणारा खालच्या नोंदीपर्यंत पोहोचेलच, याची हमी मात्र आम्ही देऊ शकत नाही.